मामांचा मोतीबिंदू

घरात कुणाच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला, की अख्ख्या गोतावळ्याला वैद्यक यायला लागतं. "अजून पिकू दे." "थंडीतच करा, उन्हाळ्यात डोळा चिघळतो." "महिनाभर पडून राहावं लागतं बरं." "शिंक आली की संपलं!" "डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, वाकायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही." आणि शेवटी, जरा आवाज खाली आणून, "त्यानंतर ती जाड काच लागते ती लागतेच."

आमच्याकडे ही सगळी यादी मामांना तोंडपाठ आहे. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. वय ७७, मुक्काम कऱ्हाडजवळच्या गावी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जोडीला दहा-बारा वर्षांची शुगर. शेतीची वीज रात्रीची असली की बॅटरी घेऊन मोटर चालू करायला अजून स्वतः जातात, आणि वाटेत पाटाचा अरुंद कट्टा ओलांडतात. मुलांनी, सुनांनी, भाचरांनी सांगून झालं. उत्तर एकच: "पिकू दे की जरा, घाई काय आहे?"

आधी मला वाटायचं, ही सगळी ऐकीव भीती. मग आईच्या डोळ्याच्या निमित्ताने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचायला घेतला आणि एक गंमत ध्यानात आली. मामांच्या यादीतली एकही गोष्ट खोटी नाही. प्रत्येक गोष्ट कधी ना कधी शंभर टक्के खरी होती. फक्त प्रत्येकीचं साल वेगळं आहे, आणि त्यातलं कुठलंच साल आजचं नाही. म्हणून म्हटलं, यादीतल्या भीतींवर एकदा तारखा घालून बघू. (हा डॉक्टरी सल्ला नव्हे. तो डोळ्यांच्या डॉक्टरांकडूनच घ्यावा.)

आधी थोडं शरीरशास्त्र. बुबुळाच्या मधल्या काळ्या छिद्रामागे मसुराच्या डाळीसारखं एक पारदर्शक भिंग असतं. त्यात रक्तवाहिन्या नाहीत. पाणी आणि प्रथिनं, तीही इतकी शिस्तीत मांडलेली की उजेड आरपार जातो. वयानुसार, मधुमेहामुळे, माराने किंवा काही औषधांनी ही मांडणी बिघडते, भिंग आधी पिवळट, मग दुधी होतं. तोच मोतीबिंदू. बाहेरून बघणाऱ्याला काळ्या छिद्रात मोती दिसतो म्हणून आपण त्याला मोतीबिंदू म्हणालो. युरोपात त्याला धबधबा या अर्थाचा शब्द पडला, कारण तिथे समजूत अशी होती की डोक्यातून काही द्रव खाली उतरून बाहुलीपुढे साकळतो. खराब होतं ते भिंगच, हे पिअर ब्रिसो नावाच्या फ्रेंच वैद्याने मृताचा डोळा उघडून दाखवलं तेव्हा १७०५ साल उजाडलं होतं. म्हणजे त्याआधी शेकडो वर्षं जे लोक मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया करत होते, त्यांना आपण डोळ्यातलं नेमकं काय हलवतोय हेच ठाऊक नव्हतं. तरी माणसांना दिसत होतं!

ते कसं, हे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आहे. रोगाचं नाव लिंगनाश. रोग्याला बसवायचं, माणसांनी धरून ठेवायचं, त्याने स्वतःच्या नाकाकडे बघत राहायचं. वैद्याने डाव्या डोळ्यासाठी उजवा हात आणि उजव्या डोळ्यासाठी डावा हात वापरायचा आणि जवाच्या टोकासारखी शलाका पांढऱ्या भागातून आत घालायची. बहुतेक अभ्यासकांच्या मते ही मोतीबिंदू बाजूला सारण्याची क्रिया. गढूळ भिंग बाहेर काढायचं नाही, शलाकेने बाहुलीच्या वाटेतून ढकलायचं, की उजेडाला रस्ता मोकळा.

मला त्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटला. डोळ्याला तूप लावून पट्टी बांधायची, रोग्याला उताणं निजवायचं, आणि त्याने ढेकर, खोकला, शिंक, थुंकणं, अंग हलवणं टाळायचं. दर तीन दिवसांनी डोळा धुवायचा. दहा दिवस पथ्य. ऋतू कसा हवा? फार उन्हाळा नको, फार थंडीही नको. वाचताना मला एकदम मामांचाच आवाज ऐकू आला. शिंकेची भीती दोन हजार वर्षांइतकी जुनी आहे, आणि त्या काळी ती अगदी रास्त होती. नुसतं ढकललेलं भिंग डोळ्यातच सैल पडलेलं. जोराचा हिसका बसला तर ते पुन्हा वर यायचं.

ही ढकलण्याची पद्धत भारतात, मध्यपूर्वेत, युरोपात सगळीकडे पसरली आणि फिरत्या लोकांच्या हाती गेली. ते गावात यायचे, चार पैसे घेऊन चार डोळे करायचे. पट्टी सोडली की म्हातारीला सुनेचा चेहरा दिसायचा, गाव टाळ्या वाजवायचं आणि हे पुढच्या गावाला निघायचे. डोळा सुजायचा, आतला दाब वाढायचा, दुखून दुखून दृष्टी जायची ती नंतरच्या दिवसांत. तोवर सळईवाला तीन मुक्काम पुढे. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट हेन्री एलियट यांच्याकडे असे बिघडलेले डोळे इतके येत, की त्यांनी १९१७ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये या विषयावर व्याख्याने दिली आणि पुढे त्याचं पुस्तक केलं. म्हणजे विसाव्या शतकातही हा प्रकार आपल्याकडे जोरात चालू होता.

हा आपलाच मागासलेपणा असं कुणाला वाटत असेल तर जर्मनीतलं लाइपझिश बघा. १७५० च्या वसंतात जॉन टेलर नावाचा इंग्रज नेत्रवैद्य तिथे गाजावाजा करत आला आणि त्याने थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांच्या डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली. दृष्टी आली नाही, प्रकृती ढासळत गेली, २८ जुलैला बाख गेले. टेलर केव्हाच पुढच्या गावी गेला होता. पुढे १७५८ मध्ये त्याने हेंडेल यांच्याही डोळ्यांना हात लावला, गुण तिथेही आला नाही.

मला या इतिहासातली खरी मेख इथे दिसते. डोळ्याला हात लावणारे पुष्कळ होते, पण "नंतर काय झालं" हे बघायला थांबणारे थोडे. म्हणून तंजावरच्या सरफोजी राजे भोसल्यांचं (दुसरे सरफोजी, कारकीर्द १७९८ ते १८३२) मला फार कौतुक वाटतं. शिवरायांचे सावत्रभाऊ व्यंकोजी यांच्या घराण्यातला हा राजा. त्याने धन्वंतरी महाल उभारला, तिथे आपले आणि विलायती वैद्य कामाला ठेवले. आणि नेत्ररुग्णांच्या नोंदी लिहून ठेवल्या, शेजारी त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं काढून घेतली. ते कागद तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेले आहेत. कोण आला, त्याच्या डोळ्याला काय झालं होतं, काय उपचार केले. सळईवाल्यापाशी नसलेली गोष्ट ती हीच: वही.

आता "पिकू दे" चं साल शोधू. ते युरोपात सापडतं. फ्रान्सच्या जाक दाव्हिएलने १७४७ मध्ये ठरवून पहिल्यांदा मोतीबिंदू ढकलण्याऐवजी बाहेर काढला. पारदर्शक पटलाच्या कडेने मोठा छेद घ्यायचा, भिंगाची पिशवी उघडायची आणि आतला गर बाहेर दाबायचा. १७५२ पर्यंत त्याने अशा २०६ शस्त्रक्रिया केल्याचं आणि त्यातल्या १८२ यशस्वी झाल्याचं कळवलं. पण या पद्धतीला एक अट होती. भिंग कच्चं असेल तर बाहेरचा थर चिकट राहतो, पूर्ण निघत नाही, आणि मागे उरलेला भाग डोळा सुजवतो. पूर्ण पिकलेला मोतीबिंदू मात्र सीताफळाच्या बीसारखा सुटून येतो. तेव्हा पिकू देणं हे शहाणपणच होतं. शिवाय हे सगळं भूल नसताना! डोळ्यात थेंब टाकून तो बधिर करता येतो हा शोध व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने लावला तो १८८४ मध्ये, कोकेन वापरून. त्याआधीच्या माणसाने शस्त्रक्रिया शक्य तेवढी पुढे ढकलली, तर त्याला भित्रा कोण म्हणेल?

आता आपल्या घरात या.

१९७१ च्या थंडीत तालुक्याच्या शाळेत नेत्रशिबिर लागलं होतं. ते शिबिरांचेच दिवस. कर्नाटकातले डॉ. एम. सी. मोदी (पद्मश्री १९५६, पद्मभूषण १९६८) गावोगाव फिरून हजारोंच्या संख्येने मोतीबिंदू काढत होते, आणि ठिकठिकाणी सेवाभावी डॉक्टर शाळा-धर्मशाळांत शिबिरं भरवत होते. सुगीची घाई उरकलेली, घाम नाही, माश्या कमी, शाळेला सुट्टी, म्हणून थंडी. बैलगाडीतून आजीला घेऊन गेले ते मामा, तेव्हा २३ वर्षांचे. आई १६ ची, ती स्वयंपाकाला मागे राहिली.

त्या काळची पद्धत म्हणजे भिंग पिशवीसकट सबंध काढायचं. (याच पद्धतीसाठी पंजाबात जालंधरचे हेन्री स्मिथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगभर गाजले होते. परदेशातले डॉक्टर शिकायला तिथे येत.) सबंध भिंग बाहेर यायचं म्हणजे पटलाच्या जवळजवळ अर्ध्या घेराएवढा छेद. त्याला टाके दोन-चार, कधी तेवढेही नाहीत. जखम भरते ती केवळ डोळा स्थिर राहिला तर. खोकला आला, जोर झाला, तर जखम उघडून डोळ्याच्या आतलं बाहेर येण्याचा धोका. म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मामा सांगतात, वर्गात सतरंज्यांवर ओळीने माणसं उताणी, दोन्ही डोळ्यांना पट्ट्या, आणि कुणी कण्हायचंही नाही. आठ दिवस त्यांनी आजीला चमच्याने पेज भरवली, कारण चावायचं नव्हतं. रात्री शेजारचा एक म्हातारा खोकायला लागला की सगळा वर्ग श्वास रोखायचा. त्या म्हाताऱ्याचा डोळा गेला. मामांनी ते डोळ्यांनी पाहिलंय. ऐकीव नाही.

आजीचा डोळा वाचला. हिरवी पट्टी लावून ती घरी आली. दीड महिन्याने चष्मा आला, आणि तिथून तिची दुसरी परीक्षा सुरू झाली.

भिंग काढलं पण त्या जागी काहीच ठेवलं नाही, याचा अर्थ काय होतो? डोळ्याची वाकवण्याची जी ताकद असते, त्यातला साधारण तिसरा हिस्सा त्या भिंगाचा. तो गेला की समोर नुसता उजेड आणि धूसर आकार. मग बाहेरून सुमारे अधिक १० नंबरची काच लावायची. ती काच वस्तू पाव पटीहून जास्त मोठी दाखवते. मोठी दिसते म्हणून जवळ वाटते. आजी कपाच्या अलीकडेच चहा ओतायची. सरळ दाराची चौकट तिला फुगीर दिसायची. बाजूने येणारं माणूस काचेच्या कडेशी गायब व्हायचं आणि एकदम समोर उभं राहायचं, ती दचकायची. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली, त्यामुळे एक डोळा म्हणतो घागर एवढी, दुसरा म्हणतो तेवढी, मेंदूला दोन्ही जुळवता येत नाहीत. आणि चष्मा म्हणजे जीव की प्राण. एकदा तो पायाखाली गेला, नवीन यायला तीन आठवडे लागले, ते तीन आठवडे आजी पुन्हा आंधळी. माझ्या लहानपणी ती चष्म्यातून बघायची तेव्हा तिचे डोळे खेळण्यातल्या घुबडासारखे मोठे दिसायचे आणि आम्ही हसायचो. ती जमिनीवर पाय आधी चाचपून मग का टाकते, हे मला आत्ता कळतंय.

याच मुद्द्यावर "पिकू दे" चा दुसरा अर्थ लागतो. सबंध भिंग काढण्याच्या पद्धतीत मोतीबिंदू पिकायला हवाच असं नव्हतं. पण नंतरचं जगणंच इतकं वाकडंतिकडं होतं, की माणूस पुरता आंधळा झाल्याशिवाय हा सौदा परवडायचा नाही. थोडं अंधुक दिसतंय? मग ते अंधुकच बरं. डॉक्टर थांबा म्हणायचे ते नंतरचा हिशोब करून. चित्रकार क्लोद मोनेंचंही तेच झालं. १९१२ मध्ये निदान झालं, ते शस्त्रक्रिया टाळत राहिले, अखेर १९२३ मध्ये उजवा डोळा केला आणि मग त्या चष्म्यावर आणि बदललेल्या रंगांवर वैतागले. सगळं आधी पिवळं, मग निळं. रंगच ज्यांचं आयुष्य त्यांची ही गत, तर कपात चहा ओतणाऱ्या आजीचं काय?

म्हणजे शलाका गेली, सुरी आली, भूल आली, तरी दोन हजार वर्षं एक गोष्ट बदलली नव्हती: काढायचं शिकलो, पण परत ठेवायचं काही नाही.

ते बदललं २९ नोव्हेंबर १९४९ ला, लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात. हॅरल्ड रिडली हे तिथले नेत्रशल्यचिकित्सक. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्यासमोर असे वैमानिक आले होते, ज्यांच्या विमानाचं पारदर्शक छत फुटून त्याचे बारीक तुकडे डोळ्यात घुसले होते. ते छत पर्स्पेक्स नावाच्या प्लॅस्टिकचं. एरवी डोळ्यात परकी वस्तू राहिली की डोळा पेटतो, पण हे तुकडे वर्षानुवर्षं निमूट पडून असत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बघायला आलेल्या एका विद्यार्थ्याने रिडलींना विचारलं, काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं बसवत नाही का? प्रश्न अगदी बाळबोध. म्हणूनच कदाचित जाणत्यांना सुचला नव्हता. रिडलींनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग करवून घेतलं आणि बसवलं.

पुढची वर्षं त्यांना सुखाची गेली नाहीत. डोळ्यातली परकी वस्तू काढायची असते, घालायची नसते, असं म्हणत त्या वेळच्या बड्या बड्या डॉक्टरांनी विरोध केला. सुरुवातीच्या भिंगांत त्रासही होते, ती निसटायची, डोळा सुजायचा. पण कल्पना टिकली, आणि इतरांनी ती सुधारत नेली. म्हातारपणी रिडलींच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत, त्याच रुग्णालयात, कृत्रिम भिंगं बसवली गेली. २००० मध्ये त्यांना 'सर' किताब मिळाला, २००१ मध्ये ते गेले.

मोठा छेद घालवला न्यूयॉर्कच्या चार्ल्स केल्मन यांनी. दंतवैद्याच्या खुर्चीत बसले असताना दात साफ करणारं ध्वनिलहरींचं यंत्र बघून त्यांना सुचलं, की दाताला धक्का न लावता कीट निघतं तर डोळ्याला धक्का न लावता भिंग का नाही? १९६७ मध्ये त्यांनी हे माणसावर केलं. आपण ज्याला 'फेको' म्हणतो ती हीच पद्धत. भिंगाचा आतल्या आत चुरा करायचा आणि शोषून घ्यायचा. १९८० च्या दशकात घडी घालता येणारी भिंगं आली, मग तर दोन-तीन मिलिमीटरच्या फटीतून सगळं उरकायला लागलं. एवढ्या फटीला टाका लागत नाही. वाळूच्या पिशव्या कशाला लागतील?

लक्षात घ्या, आजीची शस्त्रक्रिया झाली तेव्हा रिडलींच्या भिंगाला २२ वर्षं आणि केल्मनच्या यंत्राला ४ वर्षं झाली होती. पण लंडन-न्यूयॉर्क ते आमच्या तालुक्याची शाळा हे अंतर वर्षांत मोजायचं झालं तर फार मोठं. ते कमी कोणी केलं? १९७६ मध्ये केंद्र सरकारने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याच वर्षी मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, संधिवाताने बोटं वाकडी झालेली असताना, ११ खाटांचं अरविंद नेत्ररुग्णालय काढलं. भिंगं बाहेरून आणायची तर गरिबाला परवडेनात, म्हणून त्यांच्याच लोकांनी १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून ती इथे बनवायला घेतली आणि किंमत पार खाली आणली. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प झाला, त्यात महाराष्ट्रही होता. त्या वर्षांत शाळेतल्या सतरंजीवरून माणूस रुग्णालयातल्या टेबलावर आला आणि जाड काचेऐवजी डोळ्यातलं भिंग ही रीत झाली.

आता आईचं सांगते, कारण नातेवाइकांत फोन करून करून तेच विचारलं जातंय. आईचा उजवा डोळा गेल्या वर्षी झाला. आधी शुगर, बीपी, आणि डोळ्याची मापं. कुठल्या ताकदीचं भिंग बसवायचं ते या मापांवर ठरतं. तिथे भिंगांचं दरपत्रक समोर आलं आणि सगळ्यात महागडं घ्यावं असा आग्रहही झाला. त्यातून मला समजलं ते असं: साधं एककेंद्री भिंग दूरचं स्वच्छ दाखवतं, वाचायला चष्मा लागतो. बहुकेंद्री भिंगाने चष्मा कमी लागतो, पण काहींना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, आणि पडदा किंवा नस आधीच अधू असेल तर ते शक्यतो टाळतात. महाग म्हणजे जास्त स्वच्छ असं समीकरण नाही. आईने साधं घेतलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी बाहुली मोठी करायचे थेंब, मग बधिर करायचे थेंब. सुई नाही. आई जागी होती. तिला रंगीत उजेड दिसत होता, यंत्राची घरघर ऐकू येत होती, पाणी ओतल्यासारखं गार लागत होतं. दुखलं नाही, "थोडं दडपल्यागत झालं" म्हणाली. साधारण पंधरा मिनिटं. दुपारी घरी येऊन पोहे खाल्ले, चावून! झोपताना डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी, महिनाभर थेंब, डोळा चोळायचा नाही, काही दिवस डोळ्यात साधं पाणी जाऊ द्यायचं नाही, जड उचलायचं नाही. शिंक दुसऱ्याच दिवशी आली. काही झालं नाही.

आठवडाभर तिला एक खेळच सापडला होता. एक डोळा झाकायचा, मग दुसरा. उजव्याने भिंत पांढरी, डाव्याने तीच भिंत हळद लावल्यासारखी. दूध, साखर, ताटातला भात, सगळं असं तपासून झालं. मग म्हणाली, "आईला बिचारीला हे मिळालं नाही." बाकी काही बोलली नाही.

सगळं गोडच सांगायचं नाही. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर गंभीर. शस्त्रक्रियेनंतर डोळा दुखायला लागला, लाल झाला, दिसणं कमी झालं, चमका किंवा काळे ठिपके एकदम वाढले, तर उद्याची वाट न बघता डॉक्टर गाठायचा. काहींना काही महिने-वर्षांनी पुन्हा अंधुक दिसतं. तो मोतीबिंदू परत आलेला नसतो, भिंगामागची पिशवी गढूळलेली असते, लेझरने काही मिनिटांत मोकळी होते. डोळा काही दिवस खुपतो, कोरडा वाटतो. आणि पडदा, काचबिंदू यांनी गेलेली दृष्टी नवीन भिंगाने येत नाही.

मामा, हे शेवटचं तुमच्यासाठी. तुम्ही ब्लॉग वाचत नाही, पण घरातली पोरं वाचून दाखवतील. तुम्हाला भित्रे म्हणणाऱ्यांत मी नाही. तुम्ही जे पाहिलंत ते पाहिल्यावर मीही नको म्हटलं असतं. पण त्या वर्गात जी शस्त्रक्रिया झाली ती आता होत नाही. तुमचा नकार १९७१ ला आहे, आणि त्या शस्त्रक्रियेला तो बरोबरच आहे. आज पिकू द्यायचं म्हणजे भिंग दगडासारखं कडक होऊ द्यायचं, चुरा करायला अवघड. फार पिकलं तर डोळ्याचा दाब चढून नस जाते, ती परत येत नाही. आणि तुम्हाला शुगर आहे. मागच्या पडद्यावर काय चाललंय ते डॉक्टरला मोतीबिंदूतून नीट दिसतच नाही. शुगर तेवढी आधी ताब्यात आणा. थंडीची वाट बघायला नको, पाटाचा कट्टा बाराही महिने तितकाच अरुंद आहे.

आणि एक. आईचा डावा डोळा अजून व्हायचा आहे. तारीख मिळते, पण ती घेत नाही. म्हणते, "दादाबरोबर करीन, एका खोलीत राहू." तेव्हा हिशोब सरळ आहे, मामा. तुमच्यापायी एकूण तीन डोळे अडलेत.